कमान, पातं आणि लाल शाई

गेल्या वर्षी या सदरात मी चकलीच्या सोऱ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा दोन मैत्रिणींनी ‘पुढच्या वेळी जरा धारदार काहीतरी लिही’ अशी फर्माईश केली होती. घ्या, यंदा थेट चाकूवरच लिहिते. खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूवर.

आम्ही शेफिल्डला राहतो हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. हे गाव मुळात चाकूंचं. चॉसरनं चौदाव्या शतकात ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून ठेवलाय. इथल्या चाकू-कारागिरांची कंपनी १६२४ साली संसदेच्या कायद्यानं स्थापन झाली, ती आजही आहे. न गंजणारं पोलाद हॅरी ब्रियरली यांनी १९१३ मध्ये याच गावात तयार केलं. एकेका खोलीत बसून स्वतंत्रपणे काम करणारे ‘लिटल मेस्टर’ एके काळी इथं गल्लोगल्ली होते. आता हातानं घडीचे चाकू करणारे मोजकेच उरलेत.

मार्चमध्ये बाबांचा राजापूरहून फोन आला. “बाय, जुलैत येशील तेव्हा कलमांचा एक चाकू आण. तुमच्या गावचा. पण चांगला बघून आण हो.”

बाबा आता पंच्याहत्तरीचे आहेत, तरी पावसाळ्यात आंब्याची कोय कलमं स्वतःच बांधतात. कोयीतून आलेल्या तांबूस कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तिरपा काप देऊन पाचरीसारखी ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला तरच कलम जगतं. म्हणून चाकू धारदार हवाच, शिवाय काप अगदी सपाट यायला हवा.

इथल्या एका जुन्या कारखान्यात मी चाकू सांगितला. किंमत लिहीत नाही, कारण नवरा हा अंक वाचतो. जूनमध्ये चाकू हातात आला. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत नेला, चष्मा पुसला आणि माझ्यातली बाई जागी झाली. बाई म्हणजे शाळेतली. सात वर्षं मराठी शिकवलंय मी. ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापणारी म्हणून प्रसिद्ध होते.

चुका तीन निघाल्या. एक, मिटल्यावर पातं दोन बाजूंच्या बरोबर मध्ये बसत नव्हतं, किंचित डावीकडे झुकत होतं. दोन, उजेडासमोर धरलं की पाठीची पोलादी कमान आणि तिच्या शेजारचा पितळी पत्रा यांच्यात केसाएवढी फट दिसत होती. तीन, चाकू उघडल्यावर कमान मुठीच्या कडेशी सपाट होत नव्हती, नखाला बारीकशी कड लागायची. मी क्रमांक घालून तक्रारीचं पत्र लिहिलं. नवरा म्हणाला, “अगं, चाकू आहे तो, दागिना नाही.” मग मात्र पत्र न पाठवता मी स्वतःच गेले.

कारागीर सत्तरीचे. इथले म्हातारे सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणतात, तसं म्हणत त्यांनी माझी यादी शांतपणे वाचली. मग कागदाची एक पट्टी फाडून मिटलेलं पातं आणि पत्रा यांच्यामधून सरकवली. अलगद गेली. “पातं मध्ये नाही हे खरं, पण घासत नाही. घासलं असतं तर मीच परत घेतला असता.” नंतर त्यांनी मला डोळे मिटायला सांगून कानाशी चाकू उघडला आणि मिटला. दोन्ही वेळा खणखणीत ‘टक्’. “ही कमान बोलते आहे. तिचा आवाज बसका आला की समजा, जोर नाही.”

पुढचा धडा मी विद्यार्थिनी होऊन घेतला. पितळ, पोलाद आणि शिंग असे थर एकावर एक ठेवून त्यातून खिळे घालतात आणि हातोडीनं ठोकून बसवतात. पात्याचा खिळा जास्त घट्ट झाला तर पातं हलत नाही, सैल राहिला तर लटपटतं. नेमकं मधलं माप हाताच्या अंदाजानंच साधायचं. ते साधताना कुठे केसाएवढी फट राहते. तिच्यात खिशातला कचरा जातो, ओल जाते, म्हणून अधूनमधून तेलाचा थेंब सोडायचा. बस. काळजी करायची ती तीन गोष्टींची. उघडं पातं डावी-उजवीकडे डुगडुगतं का? मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर डोकावतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, उघडं असताना कमान त्याला धरून ठेवते का?

शेवटचा प्रश्न इथं राहणाऱ्या आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावा. इंग्लंडमध्ये काही कारण न देता खिशात बाळगता येतो तो तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू, आणि त्याचं पातं उघडल्यावर कुलूपबंद होणारं नसावं लागतं. म्हणजे पातं आणि आपली बोटं यांच्यामध्ये उभी असते ती फक्त कमान. मुलाच्या स्काउटच्या शिबिरासाठी चाकू घेताना चकाकी बघू नका, पातं उघडून कमानीचा जोर बघा.

“हवा असेल तर बदलून देतो,” कारागीर म्हणाले. “पण दुसऱ्यात फट नसेल याची खात्री देईन, कमान इतकीच चांगली लागेल याची नाही.” मी चाकू घेऊन आले, पण मन पूर्ण मानलं नव्हतं. तक्रारीचं पत्रही फाडलं नव्हतं.

शाळांना सुटी लागल्यावर आम्ही निघालो. चाकू अर्थातच मोठ्या बॅगेत. राजापुरात धो धो पाऊस. बाबांना मी आधीच सांगून टाकलं, “बाबा, थोडी फट आहे हो त्याच्यात.” त्यांनी फटीकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर आता तेवढी राहिलेली नाही. त्यांनी पातं उघडलं, मुठीवरची बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घेतली आणि पात्याची पाठ ओटीच्या खांबावर दाबली. आधी हलकेच, मग जोरानं. पातं जागचं हललं नाही. तेव्हा कुठे त्यांनी चाकू मुठीत नीट धरला.

“हे असं कशाला?” मी विचारलं.

बाबा काही बोलले नाहीत. आतून आईच म्हणाली, “कशाला म्हणजे? मागच्या चाकूनं बोट नाही का कापलं त्यांचं!”

बाबांच्या उजव्या तर्जनीवरचा व्रण मी तेरा वर्षं बघत आले होते. पाच टाके पडले होते. तेव्हा मला फोनवर सांगितलं होतं, ‘कोयती लागली.’ कोयती नव्हती ती. मागचा चाकू म्हणजे मी पहिल्या पगारातून तालुक्याच्या बाजारातून आणलेला. चकचकीत. पातं अगदी मधोमध, फट शोधून सापडणार नाही असा. मीच तो उलटसुलट करून पारखून घेतला होता. कमान मात्र मऊ होती. काडी तासताना टोक अडकलं, बाबांनी मागे ओढलं आणि पातं मिटलं ते बोटावर. त्या बोटाच्या टोकाला आजही गरम-थंड कळत नाही.

“सांगितलं का नाहीत मला?”

“पहिल्या पगाराचा होता ना तो,” एवढंच म्हणाले आणि रोपांकडे निघाले.

त्या रात्री मला माझ्या तपासलेल्या वह्या आठवत राहिल्या. गाइडमधून उतरवलेल्या बिनचूक निबंधाला दहापैकी नऊ. आणि स्वतःच्या आजीबद्दल मनापासून लिहिणाऱ्या मुलीला वेलांट्यांपायी साडेपाच. लाल शाईला जे दिसायचं तेच मी मोजत होते.

थांबा, पण गोष्ट इथं संपत नाही. ‘बारीक दोषांकडे दुर्लक्ष करा’ असा उपदेश करून मी निघून गेले तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी बाबांनी पहिली काडी तासली, काप बोटावर फिरवला आणि मान हलवली. “बाय, हा काप पोटात किंचित फुगतोय.” कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं लावतात, दुसरी बाजू पूर्ण सपाट ठेवतात. या चाकूच्या सपाट बाजूलाही कडेशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा उतार होता. माझ्या तिन्ही चुकांत तो नव्हता, कारागिरांच्या तीन प्रश्नांतही नव्हता. बाबांनी काडी रोपाच्या चिरेत बसवून आभाळासमोर धरली. दोन कापांच्या मधून उजेड दिसला.

“ही फट चालायची नाही,” ते म्हणाले.

दोन संध्याकाळी ते ओटीवर बसून धार लावायच्या दगडावर पाणी टाकत ती बाजू घासत होते. तिसऱ्या दिवशी उजेड दिसेनासा झाला. मुठीपाशी बोटाला लागणाऱ्या कमानीच्या कडेबद्दल विचारलं, तर म्हणाले, “बरी आहे ती. अंधारात पाठ कुठली ते कळतं.”

ऑक्टोबरात फोन आला. साठ कलमांपैकी सत्तेचाळीस जगली. चाकू काळवंडलाय, आंब्याचा चीक आणि पावसाची ओल, पण तेल पाणी चालू आहे.

त्याच दिवशी मी तक्रारीचं जुनं पत्र फाडलं आणि कारागिरांना नवं लिहिलं. त्यात एकच मुद्दा होता, सपाट बाजूचा. आठवड्यात उत्तर आलं. आभार मानले होते, आणि पुढचा कलमाचा चाकू करताना सपाट बाजू काचेवर टेकवून तपासेन, असं लिहिलं होतं. खाली एक प्रश्न होता, “तुमच्या वडिलांचं बोट आता कसं आहे?”