वाचले म्हणजे शिकले नव्हे!

वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला देणाऱ्या पुसदमध्ये आज शिक्षणाची साधने नाहीत असे नाही. शाळा, महाविद्यालये आहेत. १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. आमच्या वस्त्यांतील मुले-मुली पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीसाठी रात्र रात्र जागतात. त्यांच्या आया कापूस वेचून फीचे पैसे उभे करतात. तरीही दोन-तीन प्रयत्नांनंतर यातील अनेकजण म्हणू लागतात, "आमचं डोकंच चालत नाही."

हे वाक्य आम्हाला अस्वस्थ करते. कारण विद्या यांच्या रक्तातच नाही, हेच तर मनुवादी व्यवस्था पिढ्यान् पिढ्या सांगत आली. तीच गोष्ट आज आमची मुले स्वतःच स्वतःबद्दल बोलणार काय?

दोष डोक्याचा नाही, पद्धतीचा आहे. तेच पान पाच वेळा वाचायचे, रंगीत रेघा मारायच्या, गाईड उतरवून काढायचे, याला आपण अभ्यास म्हणतो. वारंवार वाचलेले ओळखीचे वाटते आणि ओळखीचे म्हणजे आलेच, असा भ्रम होतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली याची परीक्षाच घेतली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तसा लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे जर्मनीच्या एबिंगहाऊसने तर १८८५ सालीच दाखवले होते. म्हणजे पुस्तक मिटा, आठवा, चूक तपासा, दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा स्वतःला विचारा.

पण हे शिकायला आम्हाला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज काय? तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकश्यपांनी प्रश्न विचारले. उपालींनी विनय सांगितला, आनंदांनी धम्म सांगितला. हाती ग्रंथ नव्हता. प्रश्नोत्तरे आणि सामूहिक उजळणी यांनीच धम्म जपला. औरंगाबादला १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा उत्तरे देणारा नव्हता, नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा होता!

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी जिद्दीने संस्कृत शिकून घेतलेच. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, हे आम्ही प्रत्येक जयंतीला मुलांना सांगतो. परंतु मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, जातिसंस्थेवरचा निबंध स्वतः लिहून त्यांनी जाणकारांपुढे मांडला, हे किती वेळा सांगतो? वाचन ही सुरुवात होती. लिहिणे, मांडणे आणि प्रश्नांना सामोरे जाणे हा पुढचा अभ्यास होता.

आता तर ही निकडच झाली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतून खूण करायचे दिवस गेले. स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावे लागणार. पुण्यात क्लासचे पैसे भरू शकणाऱ्याची उत्तरे तपासायला माणूस मिळतो. पुसदच्या मजुराच्या लेकीची उत्तरे कोण तपासणार?

आम्ही म्हणतो, समाजाने तपासावीत. दर रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास द्या. पुस्तके मिटवून प्रत्येकाने एक उत्तर लिहावे, मोठ्याने वाचावे. इतरांनी प्रश्न विचारावेत. समाजातील शिक्षकांनी, बँकेत-कचेरीत नोकरीला लागलेल्यांनी येऊन वह्या तपासाव्यात. याला देणगी लागत नाही, मंडप लागत नाही, लाऊडस्पीकर तर नाहीच नाही. चुकणाऱ्याला कोणी हसू नये, एवढी एकच अट ठेवा. कारण हसण्याच्या भीतीने गप्प बसलेला मुलगा शिकत नाही, फक्त वाचत राहतो.

'शिका' हा आदेश आम्ही भिंतीभिंतींवर लिहिला. आता कसे शिकायचे, हेही मुलांना दाखवू या. मग आपले डोके चालत नाही, असे पुसदमधील एकही मूल म्हणणार नाही.

जयभीम!