उशिराचे निदान, हुकलेली संधी

कर्करोगाचे निदान उशिरा झाल्याबद्दल भरपाई मागितली, की प्रतिपक्षाचे पहिले उत्तर ठरलेले असते : रुग्ण आजाराने गेला, डॉक्टरांमुळे नव्हे. गाठ डॉक्टरांनी निर्माण केली नाही, हे खरेच. पण तसा आरोपही नसतो. गाठ हाताला लागत असताना बायॉप्सी का सुचवली नाही आणि तेवढ्या काळात आजार किती पसरला, हा खरा प्रश्न असतो.

हेच उत्तर आकडे घेऊन येते तेव्हा खोडून काढणे अवघड जाते. इंग्लंडमधील ‘ग्रेग विरुद्ध स्कॉट’ खटल्यात काखेतली गाठ निरुपद्रवी समजली गेली आणि लिम्फोमाचे उपचार ९ महिने लांबले. दहा वर्षे जगण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली, असे न्यायालयाने धरले. तरीही २००५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी दावा फेटाळला. मूळ शक्यताच निम्म्याहून कमी होती, सबब विलंबामुळे रुग्ण बरा होण्याचे राहिले हे सिद्ध होत नाही, असा तो तर्क. म्हणजे ज्याची प्रकृती आधीच नाजूक, त्याच्याबाबतीत केलेल्या हयगयीचा जाबच नाही! वास्तविक अशाच रुग्णाला एकेक महिना मोलाचा असतो. अल्पमतातील लॉर्ड निकोल्स यांनी हुकलेली संधी हीच हानी मानली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली जठराच्या कर्करोगाच्या खटल्यात तेच तत्त्व स्वीकारले आणि घटलेल्या शक्यतेच्या प्रमाणात भरपाई मान्य केली. हाच मार्ग न्याय्य आहे.

दाव्यांच्या धास्तीने डॉक्टर अनावश्यक तपासण्या करतील, हा दुसरा आक्षेप. भारतात त्याला फारसा आधार नाही. ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने (२००५) स्पष्ट केले, की निर्णयातली साधी चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. सामान्य कुशल डॉक्टराने घेतली असती तेवढीच काळजी अपेक्षित आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालापासून सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. तक्रारीची मुदत २ वर्षे. ती कधीपासून मोजायची, यावरच अनेक दावे अडतात. पोटात राहिलेल्या गॉजबद्दल गोव्यातील एका परिचारिकेने केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुदतबाह्य ठरवली. वर्षानुवर्षे दुखत असताना तिने आधीच चौकशी करायला हवी होती, असे न्यायालयाचे म्हणणे. म्हणून शंका येताच लेखी अर्ज करून केसपेपर मागावेत. ते ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जुन्या स्लाइड आणि फिल्म दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात, कारण गाठ तेव्हाच दिसत होती का, हे त्यांवरूनच ठरते.