विद्यापीठातले बदली कामगार

२८ जून २०२४ हा शुक्रवार होता. त्या दिवशी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील शंभरांहून अधिक शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या हाती एक पत्र पडले. ज्या टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून आपले वेतन दिले जाते, ते अनुदान मंजूर झालेले नाही, सबब ३० जून रोजी आपली सेवा संपुष्टात येत आहे, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे मुदत दोन दिवसांची, आणि त्यातला दुसरा दिवस रविवार! पत्र मिळालेल्यांपैकी काहींची सेवा दहा वर्षांहून अधिक झाली होती. १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठी स्थापन झालेली आणि श्रमिकांच्या प्रश्नांचा अभ्यास हा जिच्या अध्यापनाचा एक कणा आहे, अशी ही संस्था. तिने स्वतःच्या श्रमिकांना निरोपासाठी शनिवार-रविवार दिला.

पुढे बोभाटा झाला. शिक्षकांच्या संघटनेने निषेध केला, विद्यार्थी उठले, वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले, आणि त्याच रविवारी, ३० जूनला, ती पत्रे मागे घेण्यात आली. ट्रस्टने निधी देण्याचे मान्य केले. शैक्षणिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना अलीकडच्या काळात असे यश क्वचितच लाभले आहे, आणि त्याचा आनंद आपण सर्वांनी मानला तो रास्तच होता. परंतु त्या आनंदात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटली. या साऱ्या व्यवहारात ‘नोकरकपात’ हा शब्द व्यवस्थापनाने उच्चारण्याची गरजच नव्हती. कोणाला काढून टाकले नव्हते, कोणावर ठपका नव्हता, चौकशी नव्हती. करार संपत होता आणि तो पुढे वाढवला जात नव्हता, एवढेच.

ही सोय कायद्याने करून ठेवली आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ साली एक छोटीशी दुरुस्ती झाली. कराराची मुदत संपल्यावर त्याचे नूतनीकरण न होणे ही कामगारकपात समजली जाणार नाही, असे तिने ठरवून टाकले. गिरणी संपाच्या धुरळ्यात त्या ओळीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तर निश्चित मुदतीची नोकरी हा प्रकारच राजमान्य केला आणि मुदतीअखेर जाणारी नोकरी ही कपात नव्हे, ही तरतूदही जपून ठेवली. माणूस घरी जातो, काम बंद पडते, चूल विझते. पण कपात मात्र झालेली नसते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ‘पुनर्रचना’ गेली कित्येक वर्षे याच रीतीने चालू आहे. इंग्लंडमधील एखादे विद्यापीठ चारशे पदे कमी करण्याची घोषणा करते, मग तिथली संघटना मतदान घेते, संप पुकारते. आपल्याकडे घोषणाच होत नाही, मग संप कशाविरुद्ध पुकारायचा? आपल्याकडे सहकारी निवृत्त होतो, त्याचा निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, आणि त्याची खुर्ची रिकामी राहते. पुढच्या जूनमध्ये त्याचे तास दोन-तीन तासिका शिक्षकांत वाटले जातात. ग्रंथपाल गेला की देवघेव कारकून पाहतो. कारकून गेला की ठेकेदाराचा मुलगा संगणकावर बसतो. शिपाई गेला की कोणीच येत नाही. मग काही वर्षांनी मंत्रालयातून ‘सुधारित आकृतिबंध’ नावाचा कागद येतो. इतकी वर्षे हे पद रिक्त असूनही काम अडले नाही, अर्थात पदाची आवश्यकता नाही, असा त्याचा निष्कर्ष. शासनाने आधी जागा भरायची नाही आणि मग ती भरलेली नाही याच कारणास्तव रद्द करायची! वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी नव्या भरतीवर बंदी घातली, तेव्हा साथीचे कारण होते. त्याआधी २०१७ सालीही भरती रोखलेली होती. तेव्हा साथ नव्हती, आकृतिबंध निश्चित व्हायचा होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सहायक प्राध्यापकांची २,०८८ पदे भरण्यास परवानगी मिळाली, तेव्हा आपल्यातील काहींनी पेढे वाटले. हजारो जागा रिकाम्या असताना दोन हजारांवर समाधान मानण्याची सवय आपल्याला कोणी लावली, हा प्रश्न त्या पेढ्यांबरोबर गिळला गेला.

शिवाय ज्या विषयाचे श्रेयांक अभ्यासक्रमात घटतात त्याचा कार्यभार घटतो, कार्यभार घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेल्याच्या निवृत्तीनंतर त्या विषयाचा विभागच गुंडाळला जातो. तत्त्वज्ञान, इतिहास आणि आपली मायमराठी यांचे काय होणार हे ओळखण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. पण या विषयावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

या कारखान्यात काम कोण करतो? ज्यांनी परळ-लालबागचे दिवस पाहिले, त्यांना बदली कामगार आठवत असेल. पाळीच्या भोंग्याला तो गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राही. आत कोणी गैरहजर असला तर त्याला साचा मिळे, नाही तर तो घरी परत जाई. वर्षानुवर्षे तो बदलीच राही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि संपाच्या जिद्दीमागे या बदली कामगारांचा असंतोष मोठा होता. तासिका तत्त्वावरचा शिक्षक हा विद्यापीठाचा बदली कामगार आहे. नेट किंवा सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेला, सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी एसटीने दुसऱ्या तालुक्याला. त्याला महिन्याचा पगार नाही, तासाचा मोबदला आहे. दिवाळीची सुटी म्हणजे बिनपगारी, उन्हाळ्याची सुटी म्हणजे बेकारी, आणि देयक सहसंचालक कार्यालयात अडकले की मार्च उजाडेपर्यंत उधारी. गिरणीतला बदली निदान गैरहजर माणसाच्या जागी उभा राहत असे. हा ज्याच्या जागी उभा आहे, तो माणूस कधी नेमलाच गेलेला नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत अशी मर्यादा घातलेली होती. तिचे पालन किती झाले ते कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये डोके मोजून पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ही मर्यादाच गाळली होती. जो नियम पाळला जात नाही तो काढून टाकला की नियमभंग उरत नाही, हा प्रशासनाचा तर्क बिनतोड आहे!

येथवर मी शासनाविषयी लिहिले. या साप्ताहिकाच्या वाचकांना त्यात नवे फारसे नसेल, आणि शासनाला शिव्या देणे सोपेही असते. अवघड गोष्ट आपल्याविषयी बोलण्याची आहे.

मी ज्या प्राध्यापक संघटनेत पंचवीसहून अधिक वर्षे काम केले, तिच्या एका वार्षिक सभेत घडलेला प्रसंग सांगतो. विषयपत्रिकेवर वेतननिश्चितीतील त्रुटी, थकबाकीचे हप्ते, निवृत्तिवेतन असे नेहमीचे विषय होते. शेवटच्या रांगेत एक तरुण शिक्षक उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, मी नऊ वर्षे शिकवतो आहे. मला या सभेत मत देता येईल का?” अध्यक्ष सज्जन गृहस्थ. त्यांनी घटना उघडली. सभासदत्वासाठी ‘मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक’ असे शब्द होते. त्यांनी अत्यंत प्रेमाने त्याला सांगितले की तुमच्या प्रश्नांबद्दल संघटनेला संपूर्ण सहानुभूती आहे, आणि आपण निमंत्रित म्हणून अवश्य बसावे. तो बसला नाही. चहाच्या वेळी मी त्याला शोधले; तो निघून गेला होता, दुपारी त्याचे दुसरीकडे तास होते. सभेत त्यावर कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

त्या दिवशी त्या घटनेने जे केले तेच शासन दररोज करीत असते. काम करणाऱ्यांचे दोन गट पाडायचे आणि एकाच्या हक्कांची किंमत दुसऱ्याच्या असुरक्षिततेतून वसूल करायची. कायद्यानेही ही फाळणी पुरेपूर केली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ आहे असे ठरवले. १९८८ साली, गोव्यातील एका शाळेतून कमी केलेल्या शिक्षिकेच्या दाव्यात, त्याच न्यायालयाने सांगितले की संस्था उद्योग असली तरी शिक्षक ‘कामगार’ नव्हे. एकाच छपराखाली घंटा वाजवणारा कामगार ठरला आणि घंटेबरोबर वर्गात जाणारा ठरला नाही. आपल्यापैकी पुष्कळांना त्या निकालाचे मनातून वाईट वाटले नाही, कारण आपल्याला कामगार म्हणवून घेण्याची लाज वाटत होती. शिक्षकांची संघटना वेगळी, शिक्षकेतरांची वेगळी, आणि ठेकेदाराच्या माणसांची कोणतीच नाही, ही रचना त्या लाजेतून उभी राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला आणि मग २० तारखेपासून बेमुदत संप केला. रिक्त पदे भरा ही त्यांच्या मागण्यांतील एक मागणी होती. ती आपलीही होती. आपण त्यांना पाठिंब्याची पत्रके दिली आणि वर्गावर गेलो.

संघटनेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१३ च्या परीक्षा-बहिष्कारात सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीबरोबरच, १९९१ नंतर नेमल्या गेलेल्या नेट-सेट नसलेल्या सहकाऱ्यांच्या सेवेचाही प्रश्न होता. त्या बहिष्काराने विद्यार्थ्यांचे हाल झाले आणि लोकमत आपल्यावर उलटले, हे खरे. तरीही जे सुरक्षित होते ते असुरक्षितांसाठी पगार पणाला लावून उभे राहिले, असे त्यात काहीतरी होते. मग ती वृत्ती पुढच्या पिढीच्या असुरक्षितांपर्यंत का पोहोचली नाही?

याला उत्तर म्हणून जी कारणे दिली जातात ती मी अनेकदा ऐकली आहेत. एक असे की तासिका शिक्षक संप करू शकत नाहीत, सबब त्यांना घेऊन संघटनेचे बळ वाढत नाही. त्यांनी एक दिवस काम सोडले तर पुढच्या जूनमध्ये त्यांना बोलावणे येणार नाही, हे अगदी खरे आहे. पण म्हणूनच त्यांना संघटना हवी. शिवाय विचार करावा: निम्मे तास जर संघटनेबाहेरच्या माणसांकडे असतील, तर आपल्या संपाने वर्ग तरी बंद पडणार आहेत का? दुसरे कारण कुजबुजत दिले जाते. सर्वांना पूर्ण वेतन मागितले तर शासन आपल्यालाच देणार नाही. हा हिशेब चुकीचा आहे. स्वस्त शिक्षक उपलब्ध असताना महाग शिक्षक नेमण्याचे शासनाला कारणच काय? त्याला मिळणारा अपुरा मोबदला हाच आपल्या रिक्त पदांचा पाया आहे. तिसरे कारण पैशांचे, आणि ते शासनाने द्यावे तर समजू शकते. कार्यकर्त्यांच्या तोंडी ते शोभत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या दाव्यात त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला, आणि समारंभांत गुरुवंदनेचे श्लोक म्हणून भागत नाही, अशा अर्थाचे खडे बोल सुनावले. आपल्या संघटनांनी हे वीस वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते. आणि लढल्यावर काही हाती लागत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. राज्यभर बेरोजगार तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. टाटा संस्थेतील पत्रे तर दोन दिवसांत परत गेली. तिथे कंत्राटी सहकाऱ्यांचा प्रश्न हा संपूर्ण संस्थेचा प्रश्न म्हणून पुढे आला, ही गोष्ट निर्णायक होती.

आमच्या संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत मी आणि काही सहकारी घटनादुरुस्तीचा ठराव मांडणार आहोत. सभासदत्वाच्या कलमातील ‘मान्यताप्राप्त पूर्णवेळ’ हे शब्द गाळावेत. तासिका, कंत्राटी आणि विनाअनुदानित शिक्षकांना मतासह सभासद करून घ्यावे. त्यांची वर्गणी एका तासिकेच्या मोबदल्याहून अधिक नसावी. कार्यकारिणीत त्यांना संख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात. आणि शिक्षकेतर संघटनेसह एक संयुक्त समिती नेमून, प्रत्येक महाविद्यालयात कोणते पद केव्हापासून रिकामे आहे व ते काम कोण किती पैशांत करतो याची नोंदवही ठेवावी. ही नोंदवही शासनाकडे आज नसेल, किंवा असली तरी ती दाखवणे त्याच्या सोयीचे नाही. दुरुस्तीला दोन-तृतीयांश मते लागतात, आणि ती देणारे सर्वच्या सर्व कायम सेवेतले आहेत. मागच्या वर्षी आमचा ठराव वेळेअभावी पुढे ढकलला गेला. या वर्षी आम्ही तो थकबाकीच्या विषयाआधी घ्यावा अशी लेखी सूचना दिली आहे, आणि शेवटच्या रांगेतून उठून गेलेल्या त्या शिक्षकाला पुन्हा बोलावले आहे. त्या दिवशी त्याचे तास कुठे आहेत ते आधी विचारून घेतले आहे.