काळ्या मातीचा इशारा

१९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून १९ माणसे दगावली. त्या प्रकरणी बोट ठेवले गेले ते निकृष्ट बांधकामावर. तेव्हा तो दोष मातीच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडे इमारतीची चर्चा खांब, सिमेंट आणि परवाने यांपाशीच संपते. ज्या मातीवर सारा डोलारा उभा राहावयाचा तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी हे दुर्लक्ष जिवावर बेतणारे आहे.

धारवाडच्या पश्चिमेस मलनाडाची तांबडी माती, तर हुबळीकडून पूर्वेस काळी. आम्हां किनारपट्टीवाल्यांना सवय जांभ्याची. त्यात खणलेली विहीर बांधून न काढताही वर्षानुवर्षे उभी राहते. काळ्या मातीची जात निराळी. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आक्रसते. वैशाखात खणलेला चर भिंतीसारखा ताठ दिसतो आणि मुकादम त्यावरच भुलतो. वळवाची पहिली सर भेगांतून आत उतरली की तीच भिंत सुटते. घनमीटरभर मातीचे वजन दीड टनाच्या घरात असते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही गुदमरून मरू शकतो.

असे होण्यापूर्वी पुष्कळदा खुणा दिसतात. काठाला समांतर भेग पडते, काठ किंचित खचतो, भिंतीचा पायथा पोटासारखा पुढे येतो, ढेकळे एकेक करून गळू लागतात, तळाशी पाणी पाझरते, आधाराच्या फळ्या करकरतात. शेजारच्या घराचे दार अचानक घट्ट बसू लागले, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, तर पायाखालची जमीन हलते आहे असा संशय घ्यावा. चिरेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली की समजावे. मात्र खुणा दिसल्या नाहीत म्हणून धोका नाही, असे मानणाऱ्याने खड्ड्यात उतरू नये.

दीड मीटरहून खोल चराच्या बाजूंना उतार अथवा आधार द्यावा, उपसलेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर टाकावी, हे सरकारी संहितेत केव्हाच लिहिलेले आहे. तरीही पुण्याच्या कोंढव्यात २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, भर पावसात, खोदकामालगतची सोसायटीची कुंपणभिंत खालच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण झोपेतच गेले.

आमच्या मते दोष अज्ञानाचा कमी, अधिकाराचा जास्त आहे. भेग पहिल्यांदा पाहतो तो खड्ड्यातला मजूर. काम थांबविण्याचा अधिकार असतो तो वर, पुष्कळदा गावाबाहेर बसलेल्या माणसाला. धारवाड, गदग, कोप्पळकडचे कितीतरी मजूर गोव्यातही हेच काम करतात, तेव्हा हा प्रश्न घाटापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. खोदकामाची परवानगी देतानाच महानगरपालिकेने एका जबाबदार व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे. दररोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर तिने पाहणी केल्यावाचून कोणासही खाली उतरवू नये. आणि काम थांबेल त्या दिवसाची मजुरी ठेकेदाराने चुकती करावी. चूल विझणार असेल तर भेग दिसूनही मजूर तोंड उघडणार नाही.