शेवटचं पुस्तक एवढं जाड का?

‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंध दिला की दरवर्षी निम्म्या वह्यांत ‘श्यामची आई’ असतं. यंदा आमच्या सोलापुरातल्या वर्गात तिघांनी हॅरी पॉटरचा सातवा, शेवटचा भाग घेतला. त्यातल्या दोघांची तक्रार एकच : “मॅडम, मधे काहीच घडत नाही. नुसते तंबू ठोकतात आणि उचलतात!”

तक्रार नवी नाही बरं का. २१ जुलै २००७ ला हे पुस्तक आलं, तेव्हापासून वाचक हेच म्हणत आलेत. १९९७ सालचा पहिला भाग २२३ पानांचा, हा ६०७ पानांचा. पुढे एका पुस्तकाचे दोन सिनेमे झाले, २०१० आणि २०११ मध्ये. आता बरीच मुलं सिनेमा बघून “वाचलं” म्हणतात, ते सोडा.

माझं मत विचाराल तर कात्री लावायचीच असेल तर शेवटच्या प्रकरणाला लावा. १९ वर्षांनंतर सगळे संसाराला लागलेत, मुलांना रेल्वेत बसवून देतायत. ते नसतं तरी माझं काही अडलं नसतं. पण तंबूची पानं मला हवीत.

त्या पानांत हॅरी, रॉन आणि हर्मायनी जंगलात उपाशी आहेत. थंडी आहे. ते वाईट लॉकेट आळीपाळीने गळ्यात घालायचं. पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. आपणही कंटाळतो, चिडतो. आणि मग रॉन भांडून निघून जातो, तेव्हा त्याचा राग येतो पण नवल वाटत नाही. चार ओळींत हे सांगितलं असतं तर रॉन नुसता पळपुटा ठरला असता. कित्येक आठवड्यांनी तो परत येतो आणि गोठलेल्या तळ्यात बुडणाऱ्या हॅरीला बाहेर ओढतो. ते परत येणं एवढं मोठं वाटतं, कारण मधली पानं आपण त्याच्याशिवाय काढलेली असतात.

(वहीत लाल शाईने ‘पाल्हाळ टाळा’ लिहिणारी मीच हे म्हणतेय! हसा खुशाल.)

तक्रार न करणारा तिसरा मुलगा मागच्या बाकावरचा. गड्ड्याच्या जत्रेपासून त्याचं जिवलग मित्राशी बोलणं बंद आहे. दोघं आता वर्गाच्या दोन टोकांना बसतात. त्याने लिहिलं होतं, “रॉन परत आला तिथं मी पुस्तक मिटलं. दोन दिवस पुढं वाचलंच नाही. माझा मित्र अजून आला नाही. मीच जाऊ का, ते कळंना.”

समासात मी सवयीने ‘विषयांतर’ लिहिलं होतं. नंतर ते खोडलं. वही अजून माझ्याकडेच आहे, तिथं काय लिहावं ते ठरत नाहीये.