महामार्ग आला, पायी चालणाऱ्याचे काय?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या तालुक्याच्या गावाला एकाएकी नागपूर जवळ आले. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरचा हा रस्ता मुंबईच्या वेशीला भिडला. कापूस आणि सोयाबीनच्या व्यापाऱ्याला, गुरुमंदिरात येणाऱ्या दत्तभक्ताला, प्राचीन जैन मंदिरे पाहू इच्छिणाऱ्या यात्रेकरूला त्याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या महामार्गावर दुचाकी, तीनचाकी, सायकल आणि पादचारी यांना प्रवेश नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाची वाहने जेथे धावतात तेथे हा नियम योग्यच म्हटला पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांना या महामार्गावर मज्जाव आहे, त्यांच्यासाठी गावात कोणता रस्ता आखला गेला?

या लोकांची संख्या अल्प नाही. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याच्या साधनांची नोंद घेतली. देशभरात सुमारे २३ टक्के पायी, १३ टक्के सायकलने, तर ११ टक्के बसने जात होते. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांहूनही कमी होते. शेतकरी आणि शेतमजूर यांना तर या मोजणीत धरलेलेच नव्हते. कारंज्यासारख्या, शेतीवर उभ्या असलेल्या तालुक्याच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. भल्या पहाटे डोक्यावर शिदोरीचे गाठोडे घेऊन निघणारी मजूर स्त्री वाहतुकीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

योजनांचेही तसेच. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे असे सांगितले, परंतु त्याचा निधी मोठ्या शहरांकडेच वळला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेली दहा हजार विजेवरील बसगाड्यांची योजना मुख्यत्वे तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. साठ-सत्तर हजार वस्तीचे कारंजा त्या उंबरठ्याच्या बरेच अलीकडे राहते. गावाचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये होतो. त्यात रस्त्याची रुंदी असते, पण बस किती वाजता येईल आणि उतरलेला माणूस पुढे कसा जाईल, हे त्यात नसते. बस एस.टी. महामंडळाची, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, गल्ली नगरपरिषदेची. तिघांनी एका मेजाभोवती बसावे अशी सक्ती कोणी केलेली नाही.

एके काळी कारंज्याला शकुंतला होती. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी इतकी संथ की तिच्यावर विनोद होत. परंतु बैलबाजाराला निघालेला शेतकरी आणि माहेरी निघालेली लेक तिच्यातूनच जात. १९५१ च्या राष्ट्रीयीकरणातून सुटून खाजगी कंपनीच्या मालकीचे राहिलेले हे रूळ गेल्या दशकात निर्जन झाले. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, गाडी मात्र आलेली नाही. तेव्हा गरिबाचा सारा भार एस.टी.वर आला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आणि त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, या दोन्ही सवलती स्वागतार्ह आहेत. तथापि सवलत गाडी आली तरच लागू होते. खेड्यातली मुक्कामी गाडी बंद झाली की पहाटे इस्पितळ गाठणे आणि मुलींचे महाविद्यालय, दोन्ही दुरावतात, हे २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात सर्वांनी अनुभवले आहे.

पादपथाला सौंदर्यीकरणाची बाब समजण्याची सवय आता सोडावी लागेल. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित पादपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्यामागे आकडे आहेत: २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील ३२,८२५ पादचारी होती. भारतीय रस्ते महासभेचे मानक किमान १.८ मीटर मोकळ्या पादपथाचे आहे. म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील एवढी जागा. बाजारपेठेत ती काढायची तर दुकानांच्या पायऱ्या आणि उभ्या दुचाक्या हटवाव्या लागतील, आणि तेथे नगरसेवकाची खरी परीक्षा आहे.

सायकलीच्या बाबतीत पुण्याचे उदाहरण बोलके आहे. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्याने आधी रस्ते मोटारींना दिले आणि मग सायकलमार्ग बांधले. ते तुकड्यातुकड्यांनी बांधले गेल्याने त्यांवर वाहने उभी राहू लागली. लहान गावात वेगळ्या मार्गाची गरज फारशी पडत नाही. शाळेच्या वाटेवर वाहनांचा वेग आवरला आणि बसस्थानकात सायकल ठेवायला छप्पर मिळाले, तरी पाच-सात किलोमीटरवरचा विद्यार्थी एस.टी.शी जोडला जाईल.

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. नव्या सभागृहाच्या पहिल्या अंदाजपत्रकात डांबरीकरणाच्या रकमेशेजारी पादपथाची रक्कम किती, एवढे एकदा सभेत विचारून पाहावे.