सुटलेली पोटे, सैल कायदे

बाटलीच्या दर्शनी बाजूला हिरवे पान, कमरेभोवती मोजपट्टी आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’ अशी ग्वाही. मागच्या बाजूला भिंग लावून वाचावी लागणारी ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना. चरबी घटवणाऱ्या वनस्पतीजन्य गोळ्यांचा धंदा या दोन बाजूंच्या मधल्या फटीत फोफावला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर आहे. गिऱ्हाइकांची ददात नाही. ददात आहे ती पुराव्याची.

यातले गाजलेले नाव गार्सिनिया कंबोजिया. केरळात माशांच्या कालवणात पडते ती कुडमपुळी हीच, आपल्या कोकमाची बहीण. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असते. शरीरात चरबी तयार होण्यासाठी लागणाऱ्या एका एन्झाइमला ते प्रयोगशाळेत अडवते, एवढ्या भांडवलावर बाजार उभा राहिला. माणसांवर काय घडले? अमेरिकेतील ‘जामा’ या वैद्यक नियतकालिकात १९९८ साली १३५ स्थूल व्यक्तींवरील चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना हा अर्क, काहींना दिसायला तशीच पण गुणहीन गोळी. १२ आठवड्यांनंतर वजनात वा चरबीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. २०११ मध्ये अशा चाचण्यांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा हाती लागली ती सरासरी किलोभराहूनही कमी घट. ग्रीन कॉफीच्या अर्काची कथा तर लाजिरवाणी. भारतात अवघ्या १६ जणांवर झालेल्या चाचणीचा निबंध २०१२ मध्ये छापून आला, अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्या अर्काचा उदोउदो झाला आणि आकडेवारीची खात्री देता येत नाही म्हणून २०१४ मध्ये तो निबंध मागे घ्यावा लागला.

गुण आला नाही तरी अपाय तर नाही ना, हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. तोही टिकत नाही. एफेड्रा हीसुद्धा वनस्पतीच. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ मध्ये पूरक आहारात तिच्यावर बंदी घातली. कपभर ग्रीन टी निरुपद्रवी, पण तिच्या अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हा घटक पोटात गेल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. गार्सिनिया घेणाऱ्यांमध्येही यकृताच्या गंभीर इजेची प्रकरणे नोंदली गेली आहेत. कालवणातली दोन आमसुले आणि रोज गिळायचा दाट अर्क यांत मात्रेचा फरक आहे, आणि विष ठरते ते मात्रेवरच. त्यात भेसळीची भर. हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून गेलेले सिब्युट्रामीन हे वजन घटवण्याचे औषध तथाकथित ‘हर्बल’ गोळ्यांत चोरून घातलेले पुन्हापुन्हा सापडले आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९५४ चा औषधे व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा स्थूलत्व बरे करण्याच्या औषधाची जाहिरात करू देत नाही. म्हणून परवाना घ्यायचा अन्नाचा आणि ‘बरे करतो’ऐवजी ‘वजन नियंत्रणास साह्य’ असे लिहायचे, ही पळवाट. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण तक्रार होऊन तो बसेपर्यंत उत्पादन नवे नाव घेऊन परत येऊ शकते. शिवाय वेष्टनावरचा १४ आकडी परवाना क्रमांक ग्राहकाला गुणाची सरकारी पावती वाटतो. तो केवळ व्यवसायाचा परवाना असतो.

औषध विभागाने अन्नाकडे आणि अन्न विभागाने औषधाकडे बोट दाखवायचे, ही सबब महाराष्ट्रात तरी चालू नये. इथे दोन्ही कामे एकाच अन्न व औषध प्रशासनाकडे आहेत. प्रशासनाने दुकानांतून आणि ऑनलाइन बाजारातून स्वतः नमुने उचलावेत, छुप्या औषधांसाठी ते तपासावेत आणि निकाल कंपनीच्या नावानिशी जाहीर करावेत. यकृताच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘कोणत्या गोळ्या घेता?’ याबरोबर ‘कोणते अर्क, कोणती चूर्णे घेता?’ हेही विचारून नोंद कळवावी. केंद्रानेही नियम बदलावा: वजन वा चरबी घटवण्याचा दावा करणाऱ्याने त्याच उत्पादनाची, त्याच मात्रेतील, माणसांवरील चाचणी आधी सादर करावी, अर्कातील घटकांचे प्रमाण आणि यकृताबाबतचा इशारा दर्शनी बाजूला ठळक छापावा. चाचणी दाखवता येत नसेल, तर वेष्टनावर दावाही दिसता कामा नये.